खुळखुळ्याची शिक्षा

"हितं समद्यात मोठं कोण हाय?"

वरात निघायच्या वेळी आमचे मास्तर हे विचारायचे, आणि उत्तर मिळेपर्यंत सॅक्सोफोनला तोंड लावायचे नाहीत. नवरदेव घोडीवर चढून बसलेला, करवल्या घामाघूम, ढोलवाला हात उगारून उभा, आणि मास्तर बाजा गळ्यात अडकवून गर्दीत म्हातारं माणूस हुडकत फिरायचे. सापडलं की त्याच्यापुढं वाकायचे, "हुकूम असावा" म्हणायचे, आणि त्यानं मान हलवली की मगच पहिली फुंक. एकदा हुमनाबादच्या चौकात, ऐन हायवेच्या कडेला, दोन म्हाताऱ्यांची मी मोठा का तू मोठा यावरून जुंपली. एक म्हणे रझाकाराच्या टायमाला मी गुरं राखायलो होतो, दुसरा म्हणे तवा माझं लगीन झालतं. मागं लॉऱ्यांची रांग लागली. नवरीचा मामा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "तुमच्या म्हाताऱ्याला आवरा की ओ, आक्षता ह्याच चौकात टाकायच्या का?" मी जाऊन मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, "घाई करू नको तम्मा. दोघं बी पोटातून बोलायलेत, ऐकून घ्यावं." आणि त्यांनी दोघांचं पूर्ण ऐकून घेतलं, मग दोघांच्या मधोमध वाकून एकदमच हुकूम मागितला.

मला त्या वेळी मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पुढच्या रांगेत मी, दुसरा सॅक्सोफोन, आणि नवरदेवाचे दोस्त माझ्याकडं बघून हसत होते. मास्तरांच्या पायी मला अशी लाज वाटण्यात माझी पंधरा-वीस वर्षं गेली. आता वाटते ती वेगळी, आणि तिचं काय करावं हे मला अजून कळलेलं नाही.

बँड त्यांचाच होता. हुमनाबादला विहाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर, आणि घराच्या ओसरीत खुंट्यांना आमचे लाल कोट टांगलेले. मी बारावी नापास होऊन त्या ओसरीत जाऊन बसलो आणि तिथलाच झालो. मास्तर उंच, हडकुळे, मिशा जाड आणि ओठ झाकणाऱ्या. मराठी बोलता बोलता कन्नडमध्ये शिरायचे, रागावले की हैदराबादी उर्दूत जायचे. मला तम्मा म्हणायचे, म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ, पण वागवायचे घरातल्या पोरासारखं, म्हणजे शिव्या देऊन आणि जेवू घालून.

सॅक्सोफोन ते हैदराबादला शिकले. त्यांचे उस्ताद एका मोठ्या हॉटेलात वाजवायचे. तिथं साहेब लोक नाचायचे, गोव्याचे वादक असायचे, आणि जे वाजायचं त्याला जाझ म्हणायचे. आमच्या भागात हा शब्द मास्तरांशिवाय कुणाच्या तोंडात नव्हता. मी एकदा विचारलं, मास्तर, जाझ म्हंजे काय असतंय? त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "बाजूचा काय वाजवंल ते आपल्याला ठाऊक नसतंय. तरी त्याच्यासाटी जागा सोडून वाजवायचं." आणि उस्तादांचं एक वाक्य ते दिवसातून चारदा तरी ऐकवायचे, "पैले सुनना, बाद में फूँकना." उस्तादांचं नाव मात्र त्यांनी कधी मोठ्यानं घेतलं नाही. आधी कानाची पाळी धरायची, मग ओठांतल्या ओठांत.

ह्या जागा सोडण्याचं त्यांना वेडच होतं म्हणा. हायवेवरून वरात चालली की लॉऱ्यांचे हॉर्न वाजणारच. बाकीचे बँडवाले त्यावर अजून जोरानं वाजवतात. मास्तर थांबायचे. हॉर्नचा सूर कानात घ्यायचे, आणि त्याच सुरावरून गाणं असं काही उचलायचे की वाटावं लॉरीवाल्यानं मुद्दाम सुरुवात करून दिली. ड्रायव्हर लोकही चाट पडायचे. एकदा एक सरदारजी लॉरी बाजूला लावून खाली उतरला आणि वरातीबरोबर हॉलपर्यंत चालत आला. मी म्हटलं, मास्तर, हॉर्नला कशापायी एवढा मान? तर म्हणाले, "त्यो बी वाजवायलाय की."

त्यांचे नियम पुष्कळ होते आणि ते सगळे नियम त्यांनी उस्तादांच्या हॉटेलातून, हैदराबादच्या अदबीतून आणि स्वतःच्या डोक्यातून मिळून तयार केले होते. मोठं माणूस वाजवत असताना धाकट्यानं बाज्याचं तोंड जमिनीकडं करून उभं राहायचं. मोठ्यानं वाजवलेलं गाणं त्याच बैठकीत धाकट्यानं उचलायचं नाही. कोणाचं चाललेलं असताना वरून फुंकायचं नाही, मग तो धाकटा का असेना. आणि सगळ्यात कडक नियम पत्तीचा.

सॅक्सोफोनच्या तोंडाला वेताची एक पातळ पत्ती बांधलेली असते. ती थरथरते तेव्हा आवाज निघतो. कोरडी पत्ती वाजत नाही, म्हणून वाजवायच्या आधी ती तोंडात धरून ओली करावी लागते. मास्तरांचं म्हणणं असं, की मोठा वाजवत असताना तू पत्ती ओली करायलास, याचा अर्थ काय? तुमचं झालं, आता मी तयार आहे, थांबा. तोंडानं सांगण्यापेक्षा वाईट. जगातल्या कुठल्याही वादकाला हे सांगावं लागू नये, असं ते म्हणायचे, आणि प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायचे.

चुकलं की शिक्षा एकच. बाजा खुंटीला, आणि लगीनसराई संपेपर्यंत बँडच्या सगळ्यात मागं खुळखुळा हलवत चालायचं. खुळखुळा वाजवायला काही यावं लागत नाही. ज्याला दुसरं काही येत नाही त्याच्या हातात तो देतात, हे वरातीतल्या लहान लेकरालाही ठाऊक असतं. आमच्या ट्रंपेटवाल्यानं ती शिक्षा भोगली होती. मीही भोगली होती, नवा असताना, पत्तीपायीच. सवयीनं तोंडात धरली गेली. मास्तर आलापीत होते, डोळे मिटलेले, मला वाटलं बघितलं नसेल. गाणं संपल्यावर डोळे न उघडताच म्हणाले, "तम्मा, मागं." त्या उन्हाळ्यात माझ्या आईनं मला खुळखुळा हलवताना बघितलं आणि घरी येऊन रडली. पोराच्या तोंडाला लकवा झाला की काय म्हणून.

पुढं दिवस बदलले. टेंपोवर कीबोर्ड लावलेल्या बँजो पार्ट्या आल्या, मग डीजे आला. आमच्यासारखा पितळी बँड बोलावणारी माणसं कमी झाली, आणि बोलावणारेही दोन गाण्यांनंतर घड्याळ बघायला लागले. मास्तरांची आलापी लांब असायची. गाण्याच्या आधी ते सुरांना जरा फिरवून आणायचे, बैल पाण्यावर नेऊन आणावेत तसे. नाचायला आलेल्या पोरांना तेवढा दम नव्हता. ती ओरडायची, "धाकट्या मास्तरला सोडा." धाकटा मास्तर म्हणजे मी. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. मी चटपटीत वाजवायचो, नवी गाणी मोबाईलवरून उचलायचो, आणि पोरं माझ्याभोवती नाचायची. मास्तर बाज्याचं तोंड किंचित खाली करून उभे राहायचे. ते मला मान देत होते का गप्प बसायला सांगत होते, हे मला कळायचं नाही, आणि मी विचारायचोही नाही. आमच्यात चढाओढ होती. दोघांनाही माहीत होती आणि दोघंही ती नसल्यासारखं वागत होतो.

मग एका वर्षी मास्तर मला जास्त जागा देऊ लागले. स्वतः मुखडा वाजवायचे आणि अंतरे माझ्यावर सोडायचे. नंतर नंतर एखादं गाणं अख्खंच. मी घरी बायकोला म्हटलं, म्हातारा शेवटी मानला. ती म्हणाली, कशावरून? मी म्हटलं, कळतंय की. अशी माझी अक्कल.

त्याच सराईत औरादकडच्या एका खेड्यात लग्न होतं. आक्षता पडल्यावर पंगती बसल्या आणि मंडपाच्या कडेला लाकडी फळ्यांच्या स्टेजवर आमची बैठक. जेवणाऱ्यांनी फर्माईश करायची, आम्ही वाजवायचं. मास्तरांनी त्यांचं ठेवणीतलं एक जुनं गाणं काढलं, पण आलापी आखूड केली आणि एका अंतऱ्यावरच आवरतं घेतलं. समोर पोरांचा एक घोळका होता. एक म्हणाला, "ह्येच गाणं धाकट्या मास्तरकडून होऊन जाऊ द्या, पुरं." बाकीचे टाळ्या वाजवायला लागले. मी मास्तरांकडं बघितलं. ते जमिनीकडं बघत होते. तोच त्यांचा नकार होता, हे मला समजलं होतं. तरी मी बाजा उचलला.

मी त्यांचं गाणं त्यांच्यासमोर वाजवलं, आणि वर त्यांची आलापी वाजवली, लांब, जशी ते वाजवायचे तशी, फक्त जलद. पोरं उठून उभी राहिली. आणि मी दुसऱ्या अंतऱ्यात असताना माझ्या आवाजावर एक आवाज आला. मास्तर उठले होते आणि माझ्यावरून वाजवत होते. इतक्या वर्षांत त्यांना कुणावरून वाजवताना मी बघितलं नव्हतं. दोन ओळी वाजवल्या असतील नसतील. काय वाजवल्या, मी सांगू शकत नाही. माझं वाजवणं आपोआप बंद पडलं. आणि तिसरी ओळ वर चढायच्या ऐन जागी तेही थांबले. तोंड मिटलं, मिशीवर हात ठेवला, बाजा गळ्यातून काढून माझ्या हातात दिला.

"चुकलो," ते म्हणाले. "धाकट्याच्या वरून फुंकलो. शिक्षा ती शिक्षा."

आणि स्टेजवरून उतरून मागं जाऊन त्यांनी खुळखुळा घेतला.

त्या दिवसापासून बँडच्या पुढं मी आणि मागं ते. कोट तोच, त्याची बटणं तशीच गळ्यापर्यंत लावलेली. हुमनाबादच्या बाजारातून वरात निघाली की दुकानदार पायरीवर येऊन बघायचे. ज्या माणसानं त्यांच्या बापाच्या वरातीत वाजवलं तो खुळखुळा हलवत चाललाय. मला पाठीत टोचायचं. मी रोज म्हणायचो, "मास्तर, पुरं झालं, पुढं या." ते म्हणायचे, "सराई संपली का? मग?" सराई संपली, पुढची लागली, तरी मागंच. मी म्हटलं, आता काय? तर म्हणाले, "माझी चूक मोठी हाय. तू पोरगा होतास, मी म्हातारा हाय."

एक सांगायला पाहिजे. ते मागं उदास नसायचे. खुळखुळा असा नेमका हलवायचे की ढोलवाला त्यांच्याकडं बघून वाजवायला लागला. टेंपोत बसून आमच्याबरोबर यायचे, धाब्यावर चहा प्यायचे, ट्रंपेटवाल्याची टिंगल करायचे, लॉरीचा हॉर्न झाला की बोट वर करून सूर सांगायचे. आणि हुकूम मागायचं काम त्यांनी सोडलं नव्हतं. मागून पुढं यायचे, म्हातारं माणूस हुडकायचे, वाकायचे, आणि परत मागं जायचे. ह्या सगळ्याचा अर्थ मी असा लावला की माणूस आतून मोडलाय आणि वरून हसतोय. माझ्या मनाची टोचणी मला दुसरं काही दिसू देत नव्हती.

चार वर्षांमागं त्यांच्या नातीचं लग्न ठरलं. मुलीला त्यांनीच लहानाचं मोठं केलेलं. लग्नाच्या आधी अक्कांनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं, मला निरोप पाठवला. गेलो तर चुलीपुढं बसल्या होत्या.

"नातीच्या लग्नात बी त्यो मागंच खुळखुळा हलवत ऱ्हाणार का?" त्या म्हणाल्या. "पाव्हणे काय म्हणतील? पोरगी काल रडली. आज्जा वाजवणार न्हाई तर बँडच नको म्हणायली."

मी म्हटलं, "अक्का, मी किती येळा म्हटलो. ऐकत न्हाईत."

"तुमचं ऐकंल. तुमच्यावरूनच फुंकला न्हवं का त्यो? काय तर करा." मग पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "घरात बी वाजवत न्हाई हल्ली. कलबुर्गीहून कवळी बसवून आणली तवापासून बाजा खाली उतरलाच न्हाई. शेजाऱ्याला तरास हुतंय म्हणतंय. एवढ्या वर्षांत शेजारी आठवला न्हाई."

हे मी ऐकलं. ह्याच कानांनी ऐकलं, आणि चहा पिऊन उठलो. म्हातारपणी लोक कवळी बसवतात, त्यात काय. मी स्वतः सॅक्सोफोन वाजवतो. वरचे दात बाज्याच्या तोंडावर घट्ट टेकवल्याशिवाय सूर उभा राहत नाही, हे मला नाही तर कुणाला माहीत असणार? पण माझ्या डोक्यात फक्त माझी शक्कल घोळत होती. तिच्यावर मी फार खूश होतो.

लग्नाचा दिवस. दुपारचं लग्न, हॉल हायवेजवळच. नवरदेव अफजलपूरकडचा, त्यांनी टेंपोवर बँजो पार्टी आणली होती. त्यांची वरात हॉलच्या फाटकाशी आली की आम्ही समोरून वाजवत जाऊन त्यांना आत घ्यायचं, असं ठरलेलं. बँजोची पोरं गुणी निघाली. पोरीकडच्या बँडचा मान राखायचा म्हणून त्यांनी आपली मशीन बंद केली. फाटकाशी एकदम शांत झालं. पायऱ्यांवर पांढऱ्या साडीत नात उभी होती, बाजूला अक्का.

आमचा बँड जागचा हलला नाही. मी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. बँडच्या पुढची जागा मोकळी होती, आणि मी दुसरा खुळखुळा घेऊन सगळ्यात मागं, मास्तरांच्या शेजारी येऊन उभा राहिलो.

"कामून थांबलाव?" मास्तर ओरडले. मग त्यांनी मला बघितलं. "तू हितं काय करायलास?"

"शिक्षा भोगायलो."

"कशाची?"

"औरादकडं तुमचं गाणं तुमच्यापुढं उचललो, त्याची. चूक आधी माझी हाय मास्तर. तुमची नंतर. मी मागं, तुमी पुढं. नेम तुमचाच हाय."

त्यांचाच नेम मी त्यांच्यावर उलटवला होता. माझ्या शक्कलेची सगळी गंमत हीच होती. त्यांनी हातातला खुळखुळा खाली केला. मग जवळ सरकून, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "तम्मा, आज नको."

मला वाटलं, आढेवेढे घेताहेत. मी म्हटलं, "आजच." आणि त्यांचा सॅक्सोफोन, जो मी सकाळी घासून पुसून चकचकीत करून आणला होता, त्यांच्या गळ्यात अडकवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पायऱ्यांवर नात हसली.

मास्तर पुढं गेले. आणि एवढं होऊनही त्यांनी आपला नेम सोडला नाही. वरातीकडं तोंड करून विचारलं, "हितं समद्यात मोठं कोण हाय?"

नवरदेवाकडचे एकमेकांकडं बघायला लागले. त्यांच्यातले म्हातारे प्रवास झेपत नाही म्हणून आलेच नव्हते. आमच्याकडंही इकडून तिकडं माना फिरल्या. शेवटी पायरीवरून अक्काच म्हणाल्या, "आता तुमीच की ओ. तुमच्याहून मोठं कोण ऱ्हायलंय?"

लोक प्रेमानं हसले. मास्तर मात्र हसले नाहीत. ज्याच्याकडं हुकूम मागायचा असं कुणी उरलं नव्हतं. त्यांनी पत्ती तोंडात धरली.

पहिली फुंक खरंच सुंदर होती. खालच्या सुरातली, त्यांचीच. मी मागं उभा राहून मनात म्हटलं, बघा, आणला की नाही माणूस परत. मग त्यांनी सूर वर न्यायला घेतला आणि तो मधेच चिरला. फुस्स करून नुसती हवा आली. त्यांनी मिशी पुसल्यासारखं करत अंगठ्यानं वर काहीतरी दाबलं आणि पुन्हा फुंकलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा जो आवाज निघाला तो सांगू नये असा होता. नवरदेवाकडचा कुणीतरी खिदळला. दुसऱ्यानं मोबाईल वर धरलेला होता, तो त्यानं खाली घेतला नाही. मास्तरांचे गाल आत गेले होते आणि वरचा जबडा ओठांत सरकताना मला पाठीमागूनही कळत होता, कारण मला आता सगळंच कळत होतं. कलबुर्गीची कवळी, शेजाऱ्याचा त्रास, मला सोडलेले अंतरे. औरादकडची तिसरी ओळही.

ते थांबत नव्हते. गाणं अर्ध्यात टाकायचं नाही, हाही नियम होता. पायऱ्यांवर नातीनं अक्कांचा हात धरला होता.

मी खुळखुळा टाकला, ट्रंपेटवाल्याजवळ ठेवलेला माझा बाजा घेतला आणि धावत पुढं गेलो. त्यांच्यावरून फुंकणं मला जमलं नाही. त्यांनी थांबल्याशिवाय मी वाजवू शकत नव्हतो, आणि ते थांबत नव्हते. म्हणून मी त्यांच्या शेजारी, त्यांना दिसेल असा उभा राहिलो आणि पत्ती तोंडात धरून ओली केली.

त्यांनी बघितलं. डोळे उघडे होते त्या वेळी. एक क्षण माझ्या तोंडाकडं बघितलं. मग बाजा ओठांपासून काढला आणि त्याचं तोंड जमिनीकडं करून, मान खाली घालून, माझ्यासमोर उभे राहिले. नवा असताना मी त्यांच्यासमोर उभा राहायचो तसे.

मी वाजवलं. काय करणार? सगळं गाणं वाजवलं, पाव्हण्यांना आत घेतलं, लोक म्हणाले छान झालं. माझे कान इतके गरम झाले होते की मला माझं वाजवणं ऐकू येत नव्हतं.

बँडवाले शेवटच्या पंगतीला जेवतात. मास्तर माझ्या शेजारी बसले, नेहमीसारखे. भात कालवत होते, खात नव्हते.

मी म्हटलं, "मास्तर, पत्ती ओली केलो. शिक्षा द्या."

"कशाची शिक्षा? वेळेवर वल्ली केलास. न्हाईतर अजून वाजवत बसलो असतो."

"मला म्हाईत नव्हतं मास्तर. सांगायचं तरी."

"काय सांगू? दात गेले म्हणून?" त्यांनी भाताकडं बघतच सांगितलं. आवाज साधा होता, रागाचा नव्हता. "दात गेले म्हणलो असतो तर तुमी पाया पडून, हार घालून मला घरी बसवला असता. चुकलो म्हणलो म्हणून टेंपोत जागा होती. खुळखुळा तर खुळखुळा. बँडात होतो न्हवं का."

मी हातातला घास ताटात ठेवला. मी काहीतरी बोलायला गेलो, तर म्हणाले, "जेव. वाढायला उभी माणसं ताटकळायलीत."

दुसऱ्या दिवशी बिदरला लग्न होतं. टेंपो गल्लीत उभा केला. मास्तर बाहेर आले नाहीत. लाल कोट घडी करून अक्कांनी माझ्या हातात दिला. मी म्हटलं, खुळखुळ्यासाठी तरी या म्हणा. अक्का आत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "झोपलाय." आतून खोकल्याचा आवाज येत होता.

त्यानंतर मी कितीदा गेलो. दर वेळी झोपलेलेच. शेवटी अक्काच एकदा बोलल्या, "तुमी आला की झोपलाय म्हणून सांग म्हणतंय. वाईट वाटून घेऊ नका." त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी राग नव्हता. त्यांनीच मला काय तर करा म्हटलं होतं, आणि मी केलं होतं. आम्ही दोघं दारात उभे राहून खाली बघत होतो. गेल्या वर्षी मास्तर गेले. बाकीचे बँडवाले म्हणाले, शेवटचं वाजवू या. मी नको म्हटलं. कुणाकडं हुकूम मागणार होतो?

वराती अजून विहाराच्या मागच्या गल्लीवरून जातात. निघताना मी विचारतो, हितं समद्यात मोठं कोण हाय. पोरं हसतात, नवरदेवाचे दोस्त घड्याळ दाखवतात, मला त्याची लाज वाटत नाही. मास्तरांच्या दाराशी आलो की मात्र माझा हात आपोआप खाली जातो. बाज्याचं तोंड जमिनीकडं होतं आणि गाणं तुटतं. ढोल, ट्रंपेट, खुळखुळा पुढं चालत राहतात. वरातीतलं कुणीतरी मागं वळून विचारतं, "मास्तर, कामून थांबलाव?" आता मला मास्तर म्हणतात.

मी सांगतो, पत्ती कोरडी पडली.